रत्नपुरीच्या राणीचा हात

पुष्पावती सव्वीस वर्षं राणी होती, आणि त्या सव्वीस वर्षांत दर खेळाला तिनं आपलं राज्य माझ्या हातात दिलं. मी घेत आलो. माझा पार्टच तो होता.

आमच्या फडाचा सगळ्यात चाललेला वग म्हणजे 'रत्नपुरीचं बाईराज'. कानिफनाथ वस्तादांनी रचलेला. दसऱ्याला फड बाहेर पडायचा तो अक्षय्यतृतीयेपर्यंत, आणि ज्या गावात दोन खेळ लागत तिथं दुसरा खेळ बाईराजचाच मागत. आता तो वग कुणाला ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

रत्नपुरीत सगळा कारभार बायकांचा. प्रधान बाई, कोतवाल बाई, फौज बायकांची. पुरुष दळण दळायचे, पाणी भरायचे, पोरं खेळवायचे. आमचा सोंगाड्या लुगडं नेसून जात्यावर बसला की कनातीत हशा मावत नसे. राणी मात्र लुगड्यात नाही. अंगात सुरवार आणि अंगरखा, डोक्याला फेटा, कमरेला तलवार. पुष्पावती तख्तावर एक पाय वर घेऊन बसायची. ही बैठक वस्तादांनी गावोगावचे पाटील बघून बसवलेली. जिथं मिशी नाही तिथं ती मिशीला पीळ द्यायची आणि पहिलं वाक्य टाकायची, "मुंडकं उडवा त्याचं." शिट्ट्यांनी कनात हलायची.

मग परराज्यातला राजपुत्र शिकारीला येतो, पकडला जातो, आणि तीन गाण्यांत राणी विरघळते. शेवटच्या प्रवेशात ती तलवार उपसून उभी. मी दोन पावलं पुढं जायचो, तळहात पसरायचो आणि म्हणायचो, "राणीसरकार, हात भरून आला असेल. द्या इकडं." ढोलकीवर बन्सीची थाप पडायची. पुष्पावती गुडघे टेकायची, तलवार माझ्या हातावर आडवी ठेवायची आणि म्हणायची, "तख्त मी नुसतं राखलं, धनी. बसणारे तुम्ही."

मी बसायचो. प्रधान, कोतवाल, फौज, सगळ्या कुंकू लावून, डोक्यावर पदर घेऊन रांगेनं यायच्या. मुजरा. पडदा.

काय दिवस होते ते. पेट्रोमॅक्सच्या काळात सुरू केलेलं आम्ही जनरेटरच्या काळात संपवलं. पण एवढ्या वर्षांत त्या वगाकडं वाकडी मान करून बघितलं ते एकट्या पुष्पावतीनं.

ती प्रवरेकाठची, कोल्हारची. आई बनाबाई गळ्यानं गोड. वस्तीत भीमगीतांचा कार्यक्रम असला की बनाबाई पुढं आणि मागं झील धरायला ही. वडील शुगर फॅक्टरीत मजूर. एकोणिसाव्या वर्षी पोरगी फडात निघाली तेव्हा ते म्हणाले, "धर्म बदलला तो तमाशात नाचायला न्हाई." अकरा वर्षं बोलले नाहीत. पुढं तिनं आमच्या ढोलकीवाल्याशी, बन्सीशी, लग्न केलं. माणूस भला होता. फडातल्या भल्या माणसांसारखा भला, म्हणजे मारायचा नाही.

खेळ संपला की आम्ही पुरुष रंग पुसून ट्रकच्या चाकाला टेकून बसायचो. पुष्पावती मात्र कधीकधी फेट्यासकट चुलीपुढं असायची. तीन दगडांची चूल, अठरा माणसांचं पिठलं. तिच्यासारखं पिठलं पुन्हा खाल्लं नाही. सव्वीस वर्षं खाल्लं, आणि आज आठवून आठवून बघतो तर तिला स्वतःला जेवताना पाहिल्याचं एक चित्र डोळ्यांपुढं येत नाही.

एकदा पाथर्डीकडं मुक्काम होता. सकाळी भाकरी थापता थापता तिनं वस्तादांना विचारलं, "वस्ताद, एखाद्या खेळाला राणीनं तलवार न्हाईच दिली तर?"

वस्ताद दात घासत होते. "मग खेळ संपायचा कसा?"

"नका संपवू."

"लोकं काय बघायला येत्यात, सांग. तुला उंचावर कशाला बसवलीय? उतरताना दिसावी म्हणून." चूळ भरून ते माझ्याकडं वळले. "बघा राजपुत्र, तुमच्या पोटावर पाय देतीय बाई."

आम्ही सगळे हसलो. तीही हसली आणि भाकरी उलटली. तो विषय नंतर फडात निघाला नाही.

फड मोडला, वस्ताद गेले, बन्सीही गेला. पुष्पावती कोल्हारला मुलाकडं राहू लागली. मुलगा प्रशांत सुप्याच्या एमआयडीसीत कामाला, सून सीमा शिवणकाम करते. मी इकडं नागापूरला माझ्या मुलाच्या क्वार्टरमध्ये. वर्षातून एकदा भेट व्हायची. दर भेटीला तिचा उजवा हात आधीपेक्षा जास्त थरथरताना दिसायचा. कंपवात, डॉक्टर म्हणाले.

गेल्या वर्षी जानेवारीत तिचा फोन आला. "मास्तर, बाईराज करायचाय. पार्ट हाय का पाठ?"

कोल्हारपासून चार-पाच कोसांवर एक गाव आहे. तिथली सरपंच धनश्री. तिशीची, बी.ए. झालेली. महिला दिनाला बचत गटाच्या बायकांनी काही करावं असं तिच्या मनात होतं. कुणीतरी तिला बाईराजचं सांगितलं, आणि ती स्वतः गाडी घेऊन पुष्पावतीकडं गेली. "मावशी, बायकांचं राज्य दाखवायचं. महिला दिनाला याच्यापरीस चांगलं काय असंल?"

पुष्पावतीनं एक अट घातली. शेवट बदलायचा.

मी गेलो तेव्हा समाजमंदिरात तालमी सुरू झाल्या होत्या. बाराएक बायका, सगळ्या कामं उरकून आलेल्या. ढोलकीला कॉलेजात जाणारी राजनंदिनी. तिचा हात बन्सीसारखा गोड नव्हता, पण स्वच्छ होता. सगळे पार्ट बायकांना वाटलेले, फक्त राजपुत्र माझ्यासाठी राखलेला. मी म्हणालो, "बाई, शहात्तर वर्षांचा राजपुत्र बघून फौज पळून जाईल. एखाद्या पोरीला मिशा लावा."

"न्हाई," ती म्हणाली. "ज्याला सव्वीस वर्सं दिली त्यालाच न्हाई म्हनायचंय."

मग मला एका बाजूला घेऊन खालच्या आवाजात म्हणाली, "मास्तर, ह्यो हात आता फार दिवस तलवार धरत न्हाई. तवर एकदा. ती बाई तख्तावर ऱ्हायलेली मला एकदा बघायचीय. बाकी काय न्हाई."

तिला एवढंच हवं होतं. सोपं वाटलं मला. तलवार द्यायची नाही, एवढाच तर बदल. पण तालीम शेवटच्या प्रवेशापर्यंत आली आणि गाडी अडली. राणीनं तलवार दिली नाही. मग म्हणायचं काय? करायचं काय? वस्तादांनी पुढचं काही लिहूनच ठेवलं नव्हतं.

पुष्पावतीनं बायकांना गोल बसवलं. "सांगा गं. राज्य तिचंच ऱ्हायलं. आता ती काय करंल?"

अंगणवाडीची जया म्हणाली, "त्याचंच मुंडकं उडवंल."

"ते वस्तादच झालं की. नुसतं लुगडं नेसलेलं," पुष्पावती म्हणाली.

"त्याला भांडी घासायला लावंल," राहीबाई म्हणाली, आणि बायका हसून एकमेकींवर पडल्या. "आन् सोता बाजंवर बसून म्हनंल, च्या आन."

"हे पन तेच. बाजंवर फक्त मानूस बदललं."

माधुरी म्हणाली, "तिजोरीत बघंल किती हाय ते."

"पोरीला गादीवर बसवंल."

"आन् ती पोरगी काय करंल?" पुष्पावतीनं विचारलं.

धनश्री भिंतीला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "मावशी, खरं सांगू? ग्रामसभेत खुर्चीत बसले ना, की माझा आवाज माझ्या सासऱ्यांसारखा येतो. ते पंधरा वर्षं सरपंच होते. टेबलावर हात पन तसाच आपटते मी. घरी येऊन वाटतं, हे कोन बोललं. पन दुसरं कसं बोलायचं ते म्या बघितलंच न्हाई कुठं."

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर ऊस घेऊन गेला, गाण्यासकट.

चांगुणा म्हणून एक साठीची बाई होती, विधवा, कोतवालाच्या पार्टात. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून यायची आणि तालमीत बहुतेक पेंगायची. ती डोळे न उघडता म्हणाली, "बसंल."

"म्हंजी?"

"राज्य तिचं ना? मग बसंल जरा. कुनी ऊठ म्हननार नसंल तर."

बायका पुन्हा हसल्या. मीही हसलो आणि चहा सांगायला उठलो. पुष्पावती हसली नाही, एवढं मला आठवतं. तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मला सांगितलं, "मास्तर, शेवटच्या परवेशात तुमचं वाक्य बोलायचं न्हाई. दोन पावलं या, हात मागं बांधा आन् उभं ऱ्हा. बाकी माझं."

"तुम्ही काय बोलणार? शेवटच्या शब्दाचं टोक तरी कळू द्या."

"तवाच बघा की. तुमी फकस्त उभं ऱ्हा."

मला वाटलं, बाईनं भारी वाक्य शोधलंय आणि ताजं ठेवायचंय. फडात असं चालायचं. मी मान डोलावली.

आठ मार्चला शाळेच्या पटांगणात मांडव. दुपारी चारची वेळ. पुढं बायका, मागं पुरुष. बाईराजचं नाव ऐकून पंचक्रोशीतले माझ्या वयाचे बरेच म्हातारे आले होते. पुष्पावतीला फेटा बांधताना तिचा हात इतका हलत होता की सीमानं तलवारीच्या मुठीला फडकं गुंडाळून दिलं, घसरू नये म्हणून.

काय सांगू, पडदा उघडला आणि तिचं वय गेलं. बहात्तर वर्षांची बाई, पण "मुंडकं उडवा" म्हणाली आणि मागून शिट्टी आली ती थेट आमच्या काळातली. राहीबाईचा सोंगाड्या जात्यावर बसला, हशा झाला. गाण्यांत तिचा आवाज वरच्या पट्टीला फाटला, पण लोकांनी ते पोटात घातलं. मला मिशीच्या गोंदानं खाज सुटली होती, आणि मी सुखात होतो.

शेवटचा प्रवेश आला. ती तलवार उपसून उभी राहिली. मी दोन पावलं पुढं गेलो, हात मागं बांधले, उभा राहिलो. राजनंदिनीनं ढोलकीवरून हात उचलून मांडीवर ठेवले.

पुष्पावतीनं माझ्याकडं बघितलं. मग वळली, तख्तापाशी गेली आणि बसली. पाटलासारखी नाही. दोन्ही पाय जमिनीवर, पाठ सरळ, तलवार मांडीवर आडवी, आणि तिच्यावर दोन्ही हात. मिशीला पीळ नाही, नजर कुणावर नाही.

मी वाक्याची वाट बघत होतो.

रंगमंचावर दहा आकडे मोजेपर्यंत कुणी बोललं नाही तर ते फार होतं. मी वीस मोजले. तिचे हात तलवारीवर थरथरत होते आणि पातं मांडीवर बारीक आवाज करत होतं. मांडवात कुणी खोकलं. पुढच्या रांगेत एक बाई शेजारणीला म्हणाली, "इसरली वाटतं." मागं एक म्हातारा हसला.

आमच्या धंद्यात एक नियम आहे, पोरवयात शिकवलेला. सोबतचा माणूस अडला तर त्याला उघडं पडू द्यायचं नाही. सांभाळून घ्यायचं. पुष्पावतीनं मला असं कितीदा सांभाळलं होतं. एकदा तापात मी अख्खा प्रवेश विसरलो होतो. तिनं माझीसुद्धा वाक्यं प्रश्न करून करून माझ्या तोंडात घातली होती. आता तिचे हात थरथरत होते, लोक बघत होते, आणि माझ्या मनात एकच आलं, बाईची लाज जाता कामा नये.

माझे हात मागून सुटले. मी तळहात पसरले आणि म्हणालो, "राणीसरकार, हात भरून आला असेल. द्या इकडं."

ती उठली.

मी ते रोज डोळ्यांपुढं आणतो. ती उठायच्या आधी थांबली का? नाही. माझं वाक्य पुरं झालं आणि ती उठली, तीन पावलं आली, गुडघे टेकले, तलवार माझ्या हातावर आडवी ठेवली. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसलं नाही, कारण त्या जागी तिनं मान खाली घालायची असते आणि ती घातली होती. ती म्हणाली, "तख्त मी नुसतं राखलं, धनी."

आणि थांबली. पुढचं तिच्या तोंडून आलं नाही. पण मागचे म्हातारे, ज्यांनी हा वग तरुणपणी पाहिला होता, ते एका सुरात म्हणाले, "बसणारे तुम्ही." मांडव टाळ्यांनी भरला.

मी बसलो. तेही हाडात होतं.

पडदा पडल्यावर मी तिला धरून उठवलं. मला खरंच वाटत होतं की मी मोठं काम केलं. चांगुणा कोतवालाच्या वेशात कडेला उभी होती. आज ती पेंगत नव्हती. म्हणाली, "मास्तर, बसली हुती की ती."

तेव्हा मला कळलं.

लगेच सत्कार झाला. धनश्रीनं माईक हातात घेतला, पण नजर वर करून बोलली नाही. मला शाल पांघरली, फेटा बांधला. पुष्पावतीचा फेटा तोवर सीमानं उतरवला होता. तिला साडी आणि नारळ दिला. फोटोवाला म्हणाला, "आजोबा, तलवार असू द्या हातात." तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. खाली लिहिलं होतं, महिला दिनी नारीशक्तीचा जागर.

गाडीपर्यंत मी तिच्यासोबत गेलो. तीच म्हणाली, "सांभाळून घेतलंत." फडात असं म्हणायची रीत आहे. कुणी सांभाळलं की म्हणायचंच असतं. ती रीत पाळून गाडीत बसली.

मी महिनाभर कोल्हारला गेलो नाही. मग एका सकाळी गेलो. घरात ती एकटीच होती, ओसरीत बाजेवर. हात आता मांडीवरसुद्धा ठरत नव्हता. दुसऱ्या हातानं धरून ठेवला होता.

मी म्हणालो, "बाई, पुन्हा करू. धनश्रीला मी सांगतो. या वेळी माझे हात दोरीनं बांधा मागं. तोंडात बोळा घाला."

ती जरा हसली. "राजपुत्र बोळा घालून. लोकं म्हनतील नवीन वग हाय."

"चूक माझी आहे."

"तुमी हात पुढं केला. दिली कुनी?" ती आपल्या हाताकडं बघत होती, दुसऱ्या कुणाच्या वस्तूकडं बघावं तसं. "मला आयकू आलं तुमचं वाक्य. मनात आलं, मास्तर इसरले. म्हनलं बसून ऱ्हावं. आन् बघते तर मी गुडघ्यावर. मनानं न्हाई म्हनेपतूर हात देऊन मोकळा झाल्ता. वस्ताद मेले, बन्सी मेला, कनात जळून गेली. मला धरलं हुतं कुनी? आन् बसले ते तरी माझं हुतं का? चांगुणानं सांगितलं म्हनून बसले. मला सोताला एक वाक्य सुचलं न्हाई, मास्तर. सव्वीस वर्सं राज्य केलं, आन् एक वाक्य न्हाई."

मी म्हणालो, "सुचेल."

"आता न्हाई सुचायचं," ती शांतपणे म्हणाली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

नदीवरून वारं येत होतं. सीमाचं शिलाई मशीन बंद होतं, ती बाजारला गेली होती. मग पुष्पावतीला एकदम आठवल्यासारखं झालं. तिनं थरथरता हात बाजेच्या काठावर टेकला आणि उठायला लागली. "तुमाला च्या न्हाई झाला."

"राहू द्या," मी म्हणालो. "बसा."

ती बसली.

मी म्हणालो म्हणून बसली. तिलाही ते कळलं असावं, कारण तिनं माझ्याकडं बघितलं आणि मग मान फिरवून नदीकडं बघत राहिली. मी थोडा वेळ थांबून निघालो. त्या फोटोपासून माझ्याकडंच राहिलेली तलवार पिशवीत घालून तिला द्यायला नेली होती. ती तशीच परत आणली.